मार्चमध्ये, पलीकडच्यांच्या आधी

आमच्या कारखान्यात त्या कंपनीचं नाव कुणी घेत नसे. सुवाच्या तळ्याच्या या काठाला आम्ही आणि त्या काठाला ते, म्हणून ते 'पलीकडचे'. पलीकडच्यांनी नवं भिंग आणलं, पलीकडच्यांचा माणूस तोक्योच्या प्रदर्शनात आपल्या टेबलापाशी फार वेळ रेंगाळला, अशा गोष्टी आमच्याकडे हळू आवाजात चालत. नाव घेतलं तर जणू ते तळं ओलांडून येणार होते.

ते २००२ साल होतं. फिल्मचे दिवस भरत आले होते आणि हे दोन्ही काठांना कळलं होतं. आरशाचे मोठे कॅमेरे आता फिल्मशिवाय बनवायचे होते. तेही वर्तमानपत्रवाल्यांसाठी नाही, तर लग्नात हौसेनं फोटो काढत फिरणाऱ्या मामाला परवडतील असे. जो आधी येईल आणि स्वस्त येईल तो तरेल, एवढं साधं गणित होतं. जो मागे राहील त्याचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. स्टेशनच्या रस्त्यावर बंद पडलेला घड्याळांचा कारखाना होता, तो येता-जाता दिसायचाच.

माझं काम फोटो तपासण्याचं. नमुना-कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत माणसाचा चेहरा माणसासारखा दिसतो की उकडलेल्या कोळंबीसारखा, हे बघायचं आणि लिहून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात माझी चौदा वर्षं गेली होती. घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी मिझुहो दुसरीत होती आणि आमचं दोघींचं पोट या कोळंबीवर चालत होतं.

आमचे विभागप्रमुख कुराशिना साहेब. वय छप्पन्न, बोलणं तिरकस, आणि शिक्का मारायला महाकंजूष. त्यांच्या शिक्क्याशिवाय नमुना-कॅमेरा दाराबाहेर जात नसे, आणि वर्षभरात तो फक्त दोनदा गेला होता. मी मिझुहोच्या शाळेच्या क्रीडादिनासाठी अर्ज केला तेव्हा मला नकाराची खात्री होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"पळणारी पोरं, ऑक्टोबरचं ऊन, पांढऱ्या टोप्या," ते म्हणाले. "याच्याहून दुष्ट परीक्षा नाही. जा घेऊन. आणि हे बघ मोमोसे, कॅमेरा हरवला तर परत येऊ नकोस. तू हरवलीस तर कॅमेरा पाठवून दे."

"आणि कुणी फोटो मागितले तर, साहेब?"

"कागदावर छापून दे. कागद काही बोलत नाही."

हे वाक्य नीट ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी हसले आणि निघाले.

कॅमेऱ्यावरच्या नावावर काळी पट्टी चिकटवली होती, त्यामुळे तो जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा दिसत होता. मी मैदानाच्या कडेला निळ्या ताडपत्रीवर बसून दोनशेच्या वर फोटो काढले. दुसरीच्या शर्यतीत शेजारचा र्योहेई वळणावर तोंडावर आपटला. मिझुहो त्याच्या पुढे होती. ती थांबली, मागे फिरली आणि त्याला दंडाला धरून ओढत शेवटच्या रेघेपर्यंत घेऊन गेली. दोघं शेवटून पहिले आले. र्योहेईचं नाक वाहतंय, डोळे भरलेत, मिझुहोचे दात विचकलेत आणि दोघांच्या चेहऱ्यावर टोप्यांची सावली, असा फोटो मला मिळाला. सावलीतसुद्धा दोघांचे गाल गालांच्याच रंगाचे होते. चौदा वर्षांत माझ्या हातून इतका चांगला फोटो निघाला नव्हता.

र्योहेईच्या आईनं, फुमिएसाननं, तो तिथेच कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याचं मूल आपल्या फोटोत आलं की तो फोटो त्या घरी पोचवायचा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. न पोचवणं म्हणजे शेजारणीचं भांडं ठेवून घेणं. मी म्हटलं, छापून देते.

"अहो, छापत कशाला बसता?" फुमिएसान म्हणाली. "सीडीच द्या ना. आमच्या घरी संगणक आहे. नुसता धूळ खातोय."

त्याच संध्याकाळी मी अकरा फोटो निवडले. कुणाचे डोळे मिटलेत का, कुणाची चड्डी दिसते का, सगळं पाहिलं. सीडीवर फूल काढलं आणि नेऊन दिली. फुमिएसानचा नवरा, निरासावासान, पलीकडच्यांकडे कामाला होता हे मला ठाऊक होतं. तो तिथे नक्की काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि मी काय करते हे त्यानं विचारलं नव्हतं. आमच्या गावात शेजारधर्म असाच पाळतात. आणि शर्यतीच्या फोटोत लपवण्यासारखं काय असणार?

बुधवारी दुपारी ते कळलं. आमच्या विभागातला इवादारे, कॅमेऱ्याच्या आतल्या आज्ञा लिहिणारा, बारा महिने सर्दी झालेला माणूस, जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "मोमोसेसान, गंमत दाखवतो. साहेबांना सांगू नका, त्यांना दचकवायचंय."

फिल्म नसलेल्या कॅमेऱ्याचा प्रत्येक फोटो आपल्या पोटात काही ओळी लिहून ठेवतो. कोणत्या कॅमेऱ्यानं काढला, कधी काढला, किती ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. ते डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाला विचारलं की तो वाचून दाखवतो. त्यात 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, तो सहसा रिकामा. इवादारेनं तो भरला होता. आमच्या फळ्यावर साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लिहिलेली घोषणा, जी आम्ही रोज सकाळी उभं राहून एकसुरात म्हणायचो, ती त्यानं जशीच्या तशी तिथे घातली होती.

पडद्यावर ओळ उमटली: 'हिबारी. साठ लाख ठिपके, एक लाख ऐंशी हजार येनात. मार्चमध्ये, पलीकडच्यांच्या आधी!'

हिबारी म्हणजे चंडोल, आमच्या कॅमेऱ्याचं गुपित नाव. कारखान्याबाहेर ते एकाही माणसाला माहीत नव्हतं.

"कशी आहे?" इवादारे नाक पुसत म्हणाला. "प्रत्येक फोटो आता आपली घोषणा देतो."

"कधी घातलंस हे?"

"शुक्रवारी. का?"

"म्हणजे रविवारच्या फोटोंत…"

"सगळ्यांत! तुमच्या मिझुहोच्या फोटोतसुद्धा आहे. बघायचंय?"

मला बघायचं नव्हतं. मी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि डबा झाकला. ते रकाने तपासणं हेही माझंच काम होतं. दुसऱ्याच्या फोटोत मी सगळ्यांत आधी तेच बघते. स्वतःच्या सीडीवर मात्र फूल काढत बसले होते. आणि अर्जावर शिक्का साहेबांचा होता.

संध्याकाळी मी गल्लीतल्या गरम पाण्याच्या स्नानगृहात गेले. आमच्याकडे दोन्ही काठांची माणसं एकाच पाण्यात बसतात, आणि तिथे कारखान्याचं बोलायचं नाही असा दंडक आहे. कुणी केला ते माहीत नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. फुमिएसान गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती.

"फोटो बघितले का हो?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"मी कुठली! आमचं यंत्र सुरूच होईना. यांनी बघितले ना, ऑफिसात."

"ऑफिसात?"

"हो, सोमवारीच घेऊन गेले. तिथे छपाईचं मोठं यंत्र आहे म्हणे. र्योहेईचा तो रडका फोटो मोठा करून आणला, एवढा!" तिनं पाण्याबाहेर हात काढून माप दाखवलं. "आणि त्या दिवसापासून गप्पगप्पच आहेत हो. जेवताना मध्येच थांबतात. मी म्हटलं, मुलगा पडला म्हणून एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

त्या कढत पाण्यात मला हुडहुडी भरली. कॅमेरेवाला माणूस फोटो बाहेरून बघत नाही, आतून बघतो. मीही तसाच बघितला असता. सोमवारी नेला, म्हणजे दोन दिवस झाले. दोन दिवसांत एक ओळ किती टेबलांवरून फिरते!

गुरुवार आणि शुक्रवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की मी साहेबांच्या टेबलाकडे बघायचे. सकाळी सगळ्यांबरोबर उभं राहून घोषणा म्हणताना माझा आवाज फुटेना. साहेबांनी विचारलं, "मोमोसे, घसा बसलाय?" मी मान डोलावली. त्यांनी खणातून एक खोकल्याची गोळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर आज साहेबांची मान जाणार होती, आणि न सांगितलं तर उद्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी हसलं तरी वाटायचं, यांना कळलंय.

शनिवारी सकाळी मी चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेऊन निरासावांच्या दारात उभी राहिले. सीडीत चुकून भलतेच फोटो गेलेत, परत हवी, अशी एक थाप तयार ठेवली होती. फुमिएसाननं आत बसवलं, चहा ठेवला, लोणच्याची बशी पुढे केली. समोरच्या भिंतीवर तो फोटो होता, सांगितला होता तेवढा मोठा. सावलीतले ते दोन चेहरे इतके खरे दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

निरासावासान आतून आला. किडकिडीत माणूस, चाळिशीचा. माझी थाप ऐकून घेण्याआधीच त्यानं एक बंद पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"मीच आणून देणार होतो," तो म्हणाला. "घरी प्रत ठेवलेली नाही. ऑफिसातही नाही."

"तुम्ही… सगळं बघितलंत?"

तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. "सावलीत असा रंग…" एवढं म्हणाला आणि थांबला. मग बसायच्या गादीवरून खाली उतरला, दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि वाकला. कपाळ चटईला लागेपर्यंत वाकला, आणि तसाच राहिला.

"फार कष्ट घेतले होते तुम्ही लोकांनी," तो खाली मान घालूनच म्हणाला.

फुमिएसान किटली हातात घेऊन दारात उभी होती. "अहो, हे काय? फोटोच दिलेत त्यांनी!"

तो उठेना. मी मनात आकडे मोजत होते, सात, आठ, नऊ. मला एकच अर्थ दिसला. यानं चोरलंय आणि आता माफी मागतोय. मी पाकीट उचललं, काय बोलले ते आठवत नाही, आणि घरी येऊन दाराला आतून कडी लावली. जणू कडीनं काही थांबणार होतं.

सोमवारी मी साहेबांना छोट्या बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सीडी, शेरा, स्नानगृह, पाकीट. ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते ओरडले नाहीत.

"कागदावर छाप म्हणालो होतो," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "वाकला म्हणजे कसा वाकला?"

"कपाळ टेकून. खूप वेळ."

"आणि बोलला काय? शब्द सांग. तुझे नकोत, त्याचे."

"'फार कष्ट घेतले होते तुम्ही लोकांनी.'"

"'घेतले होते'? की 'घेतलेत'?"

मी आठवलं. "होते."

"आणि 'तुम्ही' नाही म्हणाला, 'तुम्ही लोकांनी' म्हणाला."

"हो. साहेब, त्यानं चोरलंय, म्हणूनच तर…"

"गप्प." साहेब खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा माझ्यासमोर राखेसारखा झाला. "चोर इतका वेळ वाकत नाही गं. चोराला घाई असते. 'होते' कधी म्हणतात? कुणी गेल्यावर घरी जाऊन म्हणतात. त्यानं आपली किंमत वाचली, आपला महिना वाचला, आणि तुझ्यापुढे मयताच्या घरी वाकतात तसा वाकला."

मला अजूनही कळत नव्हतं.

"त्यांचा कॅमेरा तयार आहे, मोमोसे. मार्चच्या आधी येतोय, आणि एक लाख ऐंशीच्या बराच खाली येतोय. त्याला माहीत आहे की आपण मेलोय. आपल्यालाच माहीत नव्हतं."

त्यानं चोरलं नव्हतं. एक क्षणभर मला हलकं वाटलं, खोटं का बोलू? मग भीती परत आली ती दुप्पट होऊन आली. गेले सहा दिवस मी एका माणसाच्या नोकरीसाठी घाबरत होते. आता खिडकीतून सायकलींचा तळ दिसत होता, चारशे सायकली, आणि मला स्टेशनच्या रस्त्यावरचा तो बंद कारखाना आठवत होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "गुरुवारी किंमतपत्रकं छपाईला जातायत. वर जाऊन थांबवलं तर अजून जमेल. किंमत तोडता येईल, महिनाही अलीकडे ओढता येईल. रक्त ओकावं लागेल, पण जमेल."

"वर विचारतील ना, तुम्हाला कसं कळलं?"

"विचारणारच. पलीकडचा एक माणूस फार खाली वाकला असं सांगितलं तर मला डॉक्टरकडे पाठवतील." ते हसले, पण नुसते ओठांनी. "म्हणून मी सांगणार की पलीकडच्या एका माणसाला मी आपले फोटो दिले आणि बदल्यात त्याच्याकडून हे काढून घेतलं. चोरबाजारातली बातमी असली की वरच्यांना लगेच पटते."

"पण ते खोटं आहे! फोटो मी दिले. मी येते तुमच्याबरोबर."

"येऊन काय सांगशील? फुमिएसानकडे नेलेली मिठाई? मग त्या निरासावाचं नाव निघेल. त्यानं आपल्या लोकांना सांगितलं नाही, कळतंय का तुला? गेल्या सोमवारपासून तो ते पोटात घेऊन बसलाय. त्याला मारायचंय?"

मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"शिवाय अर्जावरचा शिक्का माझा आहे. एवढंसं खोटं आहे, बाकी सगळं खरंच आहे." ते उठले, कोटाची बटणं लावली, वरची, मग मधली. दाराशी थांबून म्हणाले, "मिझुहो दुसरीत ना?"

"हो."

"मग बस इथेच."

ते जिना चढू लागले. दार उघडंच होतं, मला पावलं ऐकू येत होती. मी स्वतःला सांगितलं, पहिल्या वळणापर्यंत पोचले की उठायचं. मग म्हटलं, दुसऱ्या. दुसरी नोकरी कुठून मिळणार, कोण ठेवणार अडतीस वर्षांच्या बाईला, घरभाडं, मिझुहोची शाळा, हे सगळं त्या सत्तावीस पायऱ्यांत माझ्या डोक्यातून गेलं. वर दार वाजवल्याचा आवाज आला आणि ते उघडलं. मी उठले नाही. खुर्चीला मला कुणी बांधलं नव्हतं, मी घाबरले होते आणि उठले नाही.

दुपारी साहेबांच्या टेबलावरचे कागद दोन माणसं येऊन घेऊन गेली. पंधरा दिवसांत त्यांना उत्तरेला कुशिरोच्या दुरुस्ती केंद्रात पाठवल्याचं कळलं. निरोपसमारंभ झाला नाही. आमच्या विभागानं चार महिने रक्त ओकलं. फेब्रुवारीच्या सहा तारखेला आमचा कॅमेरा बाहेर आला, एक लाख अठ्ठेचाळीस हजारांना. बरोबर नऊ दिवसांनी पलीकडच्यांचा आला, एक लाख बावन्नला. दोन्ही विकले गेले, दोन्ही काठ जगले. वरच्या लोकांना बाजाराचा वास किती आधी येतो, असं सगळे म्हणत होते.

कॅमेऱ्याच्या यशासाठी विभागानं ठेवलेल्या जेवणात पहिला प्याला उचलून झाल्यावर इवादारे माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचं नाक वाहत होतं, आणि या वेळी ती सर्दी नव्हती.

"आज साहेब हवे होते," तो म्हणाला. "ती घोषणा त्यांचीच. मोमोसेसान, तुम्ही त्यांच्याबरोबर चौदा वर्षं होतात. खरंच त्यांनी आपले फोटो विकले असतील? मला तो माणूस तसा वाटत नव्हता हो."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. टेबलाभोवतीची दोन-तीन माणसंही आमच्याकडे वळून ऐकू लागली होती.

मी प्याला खाली ठेवला.

"कुणाचं काय सांगता येतं?" मी म्हणाले.